खुणेवरची दांडी

प्रिय हाल्वर,

फोनवर तू म्हणालास, "आई, बोटींच्या सगळ्या मोटारी भंगारात घाल, एकही ठेवू नकोस." तसंच करणार होते. पण न बघता मी काही फेकत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझे वडील गेल्यापासून बोटघराला हात लागला नव्हता. तळं गोठायच्या आत ते रिकामं करायचं म्हणून ऑर्विलला बोलावलं. तो आपल्या गावात अलीकडेच राहायला आलाय, आणि जुन्या बोट-मोटारी हे त्याचं वेड आहे.

दारातच तो म्हणाला, "सिग्ने, तुझा नवरा मोटारी जमवत नव्हता, गंज पाळत होता." मी म्हटलं, "कॉफी काम झाल्यावर मिळेल." बहुतेक मोटारींच्या खालच्या पेटीत पाणी राहिलं होतं आणि हिवाळ्यात त्याचा बर्फ होऊन पेट्या तडकल्या होत्या. त्या भंगारात गेल्या. दोन धड निघाल्या, त्या त्याला देऊन टाकल्या.

सगळ्यांच्या मागे, ताडपत्रीखाली, ती हिरवी होती. ती तळ्याच्या तळाशी आहे असं तुझ्या वडिलांनी आपल्याला सांगितलं होतं. ऑर्विलला काहीच माहीत नव्हतं. त्याने पट्टीवर खडू घासून नंबर वाचला, मग झाकण काढून आतला वाचला, आणि हसला. "ही एक मोटार नाहीच. दोन मोडक्यांची खिचडी आहे! अंग एकीचं, वेगाच्या दांडीची चकती दुसरीची." मी म्हटलं, "मग काय बिघडलं?" तर म्हणाला, "अगं, या चकतीवर सुरू करायची खूण आहे ना, तिथे दांडी ठेवली की ही मोटार पुऱ्या वेगात सुटते. त्यात हिला न्यूट्रल नाही, सुरू झाली की पंखा फिरलाच. उभा राहून दोरी ओढणारा थेट पाण्यात."

त्या दिवशी बोटीत रॉल्फ उभाच होता. दांडी तू धरली होतीस, कारण मोठा दोरी ओढणार आणि धाकटा दांडी सांभाळणार, हा या घराचा नियम. तो पाण्यात पडला आणि बोट गोल गोल फिरत राहिली; तीत तू होतास, आणि ती तुझ्या भावावरून पुन्हा पुन्हा जात होती. धक्क्यावर तुझे वडील पहिलं वाक्य बोलले ते हे: "खुणेच्या पुढे ढकललीस ना?" तू हो म्हणून मान हलवलीस. त्यानंतर तू तळ्यावर आला नाहीस, बापाच्या मातीलाही नाही, आणि गावाने तुला निष्ठुर म्हटलं.

ती मोटार त्या आधीच्या हिवाळ्यात तुझ्या वडिलांनीच जुळवली होती. आणि छापील खुणेपासून बोटभर अलीकडे, कानशीने कोरलेली दुसरी खूण आहे. बरोबर जागी. ऑर्विल म्हणाला, "चूक कुणाच्या तरी लक्षात आली होती म्हणायची." कानस त्यांच्याच बाकावर पडली आहे. अपघातानंतर खूण दुरुस्त करून त्यांनी मोटार ताडपत्रीखाली ढकलली, आणि मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

ऑर्विलला कॉफी न देताच वाटेला लावलं. मोटार बाकावर चढवून ठेवली आहे. विकणार नाही, फेकणारही नाही. तू ये, दोन्ही खुणांवर बोट ठेवून बघ, मग तिचं काय करायचं ते तू ठरव. घण काढून ठेवला आहे. नाही आलास तरी एवढं वाच, यासाठीच लिहायला बसले: तू पुढे ढकलली नव्हतीस. दांडी तू खुणेवरच ठेवली होतीस, बाळा.

तुझीच,
आई