न्हाणीघरातल्या समुद्राची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा बायकांचे कपडे शिवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर नातेवाइकांना नको इतकी शाबूत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. धमक्या पुष्कळ दिल्या, त्या रद्द समजाव्यात.

१. माझे राहते घर. हे मी शिवणकामाच्या कमाईतून घेतले, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. घर टेकडीला पाठ लावून उभे आहे. गवंड्याने एका भिंतीचा खर्च वाचवायला न्हाणीघर थेट कातळाला टेकवले. त्यामुळे न्हाणीघराच्या तीन भिंती विटांच्या आणि चौथी म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ. तांब्याभर पाणी मारले की वाळूवर लाटांनी पाडलेल्या वळ्या उठून दिसतात. त्यांच्यावरून कुठल्याशा किड्याची सरपटत गेलेली वाट आहे, नळाखालून निघून खिडकीकडे जाणारी. माझे कैलासवासी पती भूविज्ञान खात्यात नकाशे काढत. लग्न होऊन माझ्या घरी राहायला आले आणि पहिल्याच दिवशी अंघोळीला गेले ते बाहेरच येईनात. मला वाटले, घसरून पडले. दार उघडले तर हे कोरडेच, भिंतीला नाक लावून उभे.

आता पर्यटन मंडळाने इथल्या भूवारशाची सहल आखली आहे. पहिली सहा ठिकाणे डोंगरात आणि सातवे माझे न्हाणीघर. रस्त्यावर बाणाची पाटी आहे. लोक येतात, चपला काढतात, आत कोणी अंघोळ करत असेल तर ताटकळतात. अर्ध्यांना समुद्र बघायचा असतो, अर्ध्यांना नुसतेच न्हाणीघर हवे असते. या घराचा वारस कोण, ते कलम पाचमध्ये लिहिले आहे. आधी तिकडे उडी मारू नये.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या समोरच्या शिंपीणबाईंना द्याव्यात. गिऱ्हाइके त्यांनी आधीच नेली आहेत.

३. फोटोंच्या पेट्या. कातळाचा फोटो काढताना शेजारी काहीतरी ठेवतात, म्हणजे कातळ केवढा ते कळते. कोणी हातोडा ठेवतो, कोणी नाणे. ह्यांनी मला ठेवले. जन्मभर. प्रत्येक फोटोत मी कुठल्या ना कुठल्या कड्याला चिकटून उभी, आणि खाली मजकूर: 'प्रमाणासाठी पत्नी, उंची १५० सेंमी.' माझी उंची १४९ आहे. शिवणारी बाई मापात चुकत नाही. तसे म्हटले तर म्हणाले, ''अगं, एका सेंटिमीटरने डोंगराचं काय बिघडतंय?'' फोटो भूविज्ञान खात्याला द्यावेत. एक मात्र ठेवून घ्यावा आणि माझ्यामागे तोच भिंतीला लावावा, कड्यासकट. एवढा डोंगर समोर असताना हा माणूस बघायचा माझ्याकडेच, हे मला फार उशिरा कळले.

४. ह्यांचा हातोडा ह्यांच्या ओळखीतल्या भूविज्ञानाच्या प्राध्यापकांना देऊ नये. मुद्दाम लिहिते, कारण ते मागतील. एकदा ते पाहुणे म्हणून आले, 'जरा भिंत बघतो' म्हणून आत गेले, आणि मी चहा गाळते आहे तोवर आतून आवाज आला, टक्! किड्याच्या वाटेचा शेवटचा तुकडा त्यांच्या पिशवीत. किडा कुठे निघाला होता ते आता त्यांच्या काचेच्या कपाटात आहे. हे म्हणत, दगड जागेवर असतो तोवर पुरावा, कपाटात गेला की शोभेची वस्तू. त्या खळग्यात मी तेव्हापासून साबण ठेवते. माझ्या इस्टेटीतून प्राध्यापकांना तो साबण मिळावा. तुकडा परत आणल्यास हातोडाही द्यावा, पण दांडा काढून.

५. घर, अंगण आणि न्हाणीघर माझ्या धाकट्या भावाला. हे वाचून भल्याभल्यांना घाम फुटेल, म्हणून कारण देते. भावाचे टाइल्सचे दुकान आहे. सगळे त्याला टाइलशेठ म्हणतात. घरी आला की न्हाणीघरात डोकावायचा आणि सुरू व्हायचा, ''ताई, तीन भिंती चकाचक आणि चौथी ही अशी? लोक मला काय म्हणतील? एक दिवस दे, फुकट लावून देतो.'' दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. ह्याच्या मते दोन्हींपेक्षा टाइल बरी. मला एकच धास्ती होती, माझे डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी समुद्रावर सिमेंट.

गेल्या वर्षी मांडीचे हाड मोडून मी रुग्णालयात पडले आणि घराची किल्ली त्याच्याकडे द्यावी लागली. शेजारीण भेटायला आली ती बातमी घेऊनच: अंगणात टाइल्सची खोकी उतरली आहेत, निळ्या, डॉल्फिनवाल्या. माझे जेवणावरचे मन उडाले. सुटका झाली तशी कुबड्या टेकत थेट न्हाणीघराशी गेले. आतून भावाचा आवाज. कोणी पर्यटक किल्लीने कातळावर नाव कोरायच्या बेतात होता.

''ओ साहेब, हात मागे! एवढी वर्षं टिकलंय ते काय तुमच्या नावासाठी? हौस असेल तर दुकानात या, टाइलवर कोरून देतो!''

मग त्याने पाणी मारले आणि लोकांना माहिती सांगितली. सगळी चुकीची. किड्याचा त्याने देवमासा केला. पण सांगताना आवाज कापत होता त्याचा. मी दाराआड उभी राहून रडले. त्याचा इतका अभिमान वाटला की पाय दुखायचा राहिला. डॉल्फिन त्याने अंगणातल्या ओट्याला लावले होते, रांगेतल्यांना बसायला.

अट अशी की चौथ्या भिंतीला टाइल, रंग, खिळा किंवा रंगीत दिवा लावू नये, आणि येईल त्याला ती फुकट दाखवावी. ही अट काळ्या दगडावरची रेघ समजावी. मात्र त्या दगडावर कोणी रेघ मारू नये. आणि तो देवमासा नव्हता.

६. सहीच्या वेळची पुरवणी. खाली एक सही अर्धवट खोडलेली दिसेल. ती भावाची. 'साक्षीदार मीच होणार' म्हणून स्वतःचे पेन घेऊन आला होता. वकीलबाईंनी त्याचा हात धरला. ''ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्ष करू नये.''

''मला कसलं मिळतंय? एखादा दगड देईल,'' तो म्हणाला. मग थांबला. ''ताई, काय दिलंस मला?''

''चौथी भिंत. बाकीचं घर तिला चिकटून आलंय.''

तो न्हाणीघरात गेला, कडी लावली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि हातात माझा साबण होता.

''ताई, हा तिथे ठेवायचा नाही आजपासून. दगड सुटायला लागलाय.''

माझ्या घरात मला असे कोणी दटावले नव्हते. आता मी सुखाने सही करते. कलम चारमधला साबण ओट्यावर ठेवला आहे, प्राध्यापकांनी केव्हाही न्यावा.

स्थळ: वरील घराची पुढची खोली
दिनांक: १२ फेब्रुवारी

लिहून देणार: (सही) प्रमाणासाठी, उंची १४९ सेंमी

साक्षीदार १: (सही) समोरच्या गल्लीतले दाताचे डॉक्टर
साक्षीदार २: ~~टाइलशेठ~~ (सही) पोस्टमन, पत्र टाकायला आले होते, त्यांना बसवून घेतले