भिंतीवरच्या रेघा आणि आमचं खोटं रडणं

किल्लारी, सोमवार

माझी शकिला आपा, तुला केवळाबाईचा रामराम आणि सलाम दोन्ही. (भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात दोघींनी एका चुलीवर रांधलं, नुसत्या रामरामानं कसं भागंल?) तुझा गुडघा कसा हाय? जिना सारखा चढू नको. चौथीपतूर शिकल्याली बाई लिहून राहिली, चुका पोटात घाल. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच रागावतीस. तुझा लेक अजहर वाचून दाखवीलच.

आपा, मी लई खुशीत हाय. माझी नात ऋतुजा तुमच्या नांदेडात शिकती न्हवं, माणूस आजारीच पडू नये याची डॉक्टरकी? तीन सालं झाली, ती आमच्या गल्लीत येऊन पाणी उकळायला, हात धुवायला शिकवती. घरात कुणाला हगवण लागली की रांजणापाशी भिंतीवर कोळशाची एक रेघ मारायची. पहिल्या साली माझी भिंत नुसती काळी. यंदा साऱ्या गल्लीत मिळून पाच रेघा! (रेघा पुसतील म्हणून दिवाळीला चुना मारू दिला न्हाई, सून अजून फुगून हाय.)

तर वरून पैसा कापला, आता ऋतुजाचा कॉलेजातला विभागच बंद करायचा म्हणाले. काही उपयोग झाला का बघायला तीन साहेब जीपनं येणार होते. ऋतुजा म्हणाली, "आज्जी, हाय ते सांग." पण जीपमधून साहेबानं उतरून कागद काढला की काय करायचं, हे आपल्याला शिकवावं लागतं का? रडायचं! शेडात तू मला चिमटा काढायचीस, मी हंबरडा फोडायची, एक चादर जास्त मिळायची. मी साऱ्या बायांकडून तालीम करून घेतली. शेजारची शांतम्मा "पोरं हगवणीनं वाळली हो" म्हणून अशी रडली, की मलाच खरं वाटलं. (तिच्या घरात पोर न्हाईच.) त्या तिघांतल्या बाईसाहेबांनी लिहून घेतलं, तीन सालांत फायदा शून्य. ऋतुजाचं तोंड पांढरं पडलं. तवा मला उमगलं, हे साहेब द्यायला न्हाई, काढून घ्यायला आलेत.

मी जीपसमोर जाऊन उभी. म्हटलं, "बाई, आम्ही खोटं रडलो."
"मघाशी खोटं, का आत्ता खोटं?"
"मघाशी. रडणं खोटं, भिंत खरी."

हात धरून रांजणापाशी नेलं. बाईंनी घरोघर रेघा मोजल्या, सालवार. मग मी तुझ्या ल्हानग्या लेकीचं, कहकशांचं सांगितलं. दगडाखालनं जिती निघाली आणि शेडातल्या पाण्यानं हगवण लागून गेली. तवा असं शिकवणारं कुणी आलं असतं, तर आज तिची पोरं तुझा गुडघा चोळत असती. त्या वक्ताला मी रडले न्हाई आपा, बाई रडल्या. विभागाला एक साल मिळालं!

तुझी,
केवळा

ता. क. सालाला एक अट हाय. विभागात दहा पोरं भरती पाहिजेत, नऊच झालीत. तुझी नात मनतशा लातूरच्या क्लासात डॉक्टरच्या परीक्षेपायी दोन सालं झुरून राहिली. ऋतुजाच्या विभागात आली तर तुझ्या घरातच राहील, तुझ्या हातचं खाईल. अजहर, थांबू नको, पुढं वाच.

ता. क. रागवू नका, ती शुक्रवारपासून माझ्याकडंच हाय. काल पोटभर जेवली, गल्लीतल्या रेघा मोजून आली, हसली. फॉर्म भरलाय. त्यावर घरच्या मोठ्या माणसाच्या जागी तुझा म्हणून मीच अंगठा उठवला. शेडात चादरीच्या कागदावर तू माझा उठवला होतास, फिटलं.