सोमवार असून चहा गोड

सोमवार, २२ डिसेंबर
वाडी, ता. उमरगा

चि. सौ. मोनिकास आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग, आरोहीचा माझ्या वतीनं गालगुच्चा घे. इकडं सगळं ठीक आहे. माझा खुबा जुळत आलाय, वॉकर धरून मोरीपर्यंत जाते. बापूंचा खोकला थांबला. थंडी बरी पडलीय आणि ज्वारी पोटरीत आलीय.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन आला की बापू तो मोठ्या आवाजावर लावून खाटेवर दोघांच्या मधे ठेवतात, आणि मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय. शिवाय मागच्या वेळी मी तुझ्यावर ओरडून फोन बंद केला. तू सोलापूरच्या डॉक्टरांचं नाव काढलंस आणि मी म्हणाले, माझं हाड मोडलंय, डोकं नाही. ते डोक्याचं नंतर सांगते. आधी घरचं ऐक.

दसऱ्याला मोरीत पडले तेव्हापासून माझं जग म्हणजे सोप्यातली ही खाट. पडून राहिलं की वेळ कळते गं, वार कळत नाही. उमरग्याची पहिली गाडी फाट्यावर हॉर्न देते, मग शाळेची घंटा होते, मग ऊन उंबऱ्यावरून आत येऊन माझ्या पायाशी बसतं. मग शेजारच्या नागूबाईची फोडणी, मग म्हशींच्या गळ्यातल्या घंटा. पण हे रोजच होतं. आजचा दिवस कालच्यासारखा, आणि कालचा कुठला ते विचारू नकोस.

तुझ्या बापूंना मात्र ह्या दिवसांत एक विचित्र खोड लागली. सकाळी चहा आणून देतात आणि म्हणतात, "सोमवार असून चहा गोड झाला बघ." दुसऱ्या दिवशी, "मंगळवार असून गार वारं सुटलंय." शनिवार असून दूध नासलं नाही, बुधवार असून मांजर आलं नाही. मी हसायची. म्हटलं, "सोमवारी साखर कडू लागती व्हय?" ते मान खाली घालून बशीत चहा ओतायचे. म्हातारपणी माणूस असं काहीबाही बोलतं, असं समजून मी त्यांचीच कीव करत होते. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

आता येळवशीचं, परवाच्या वेळ अमावस्येचं सांगते.

यंदा मला सगळ्या गावासारखं रानात पांडव पुजायला जाता येणार नव्हतं, पण नैवेद्य चुकवायचा नव्हता. मी खाटेवरून सांगत गेले, बापू करत गेले. मडक्यात ताकाची अंबिल घातली, लसूण ठेचला. भज्जीला तूर, वाल, हरभरा सगळं सोलून दिलं मी. गुरुवारी पहाटे त्यांना उठवलं, म्हटलं, चला, अमावस्या लागली, बाजरीचे उंडे वळायला घ्या. ते म्हणाले, "आगं, उद्या हाय म्हणत्यात." मग माझं काय बिनसलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "लगीन होऊन आल्यापासून येळवस मी करते, आन् तुमी मला दिवस शिकवता?" एवढ्यावर थांबले असते तर बरं. मला रडू आलं. लहान पोरीगत रडले. ते म्हणाले, "व्हय, माझंच चुकलं. आजच हाय." घोंगडी खांद्यावर टाकली, मडकं आणि दुरडी घेऊन रानात गेले.

दिवस मावळल्यावर आले. मी विचारलं, कोण कोण आलं होतं? म्हणाले, समदे आलते. शेजारच्या रानातल्या महालिंगप्पानं अंबिल मागून मागून प्याली, भज्जीला तुझं नाव निघालं. कडब्याच्या कोपीत मांडलेल्या पांडवांच्या दगडांना चुना नीट लावला का, तर म्हणाले, लावला. मी समाधानानं झोपले.

शुक्रवारी सकाळी गल्लीत गलका झाला. ट्रॅक्टर निघाले, पोरं ओरडत होती, बायांच्या डोक्यावर मडकी होती. मी खाटेवरून बघत होते. हे लोक आज कुठं चाललेत, ते मला कळेना. तेवढ्यात महालिंगप्पा दारात आला, येळवशीला आमच्या रानात या म्हणून बोलवायला. आणि म्हणाला, "बापू, काल कोपीम्होरं एकटंच बसून कुणासंगं बोलत हुतासा?"

मी डोळे मिटून घेतले. बापू त्याला हाताला धरून बाहेर घेऊन गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. बोलण्यासारखं काय होतं म्हणा.

मोनिका, तुझी आज्जी, माझी आई, शेवटी शेवटी रोज पहाटे उटणं मागायची, तुला आठवत नसेल. तिला रोज दिवाळी वाटायची. आम्ही भावंडं हसायचो आणि मग आतल्या खोलीत जाऊन रडायचो. तू डॉक्टरांचं नाव काढलंस तेव्हा मला तीच दिसली. म्हणून ओरडले. तुझ्यावर नाही गं.

शुक्रवारी अख्खी वाडी रानात होती. गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. बापू मात्र गेले नाहीत. मी म्हटलं, कालची अंबिल उरलीय का? दोन वाट्या घेऊन आले. एका दिवसानं इतकी आंबली होती की घोट घेतला आणि डोळेच मिटले. ते माझ्याकडं बघत होते. म्हटलं, "झाक झालीय." तेही प्याले, तोंड वाकडं न करता. नुसतं तेवढंच. ते त्यांचं खोटं सांभाळत होते, मी माझं.

मला राग यायला हवा होता, नाही का? पण खाटेवर पडल्या पडल्या मी त्या माणसाचा विचार करत राहिले. मोकळ्या रानात एकटा बसून त्यानं पांडवांची पूजा केली, एकट्यानं जेवला आणि घरी येऊन गावभरच्या पाहुण्यांच्या गप्पा रचून सांगितल्या. ज्याला नीट खोटं बोलता येत नाही म्हणून आडतीवर सगळे हसतात, तो माणूस. आणि ते मंगळवार असून वारं, बुधवार असून मांजर. रोज सकाळी माझ्या चहात वार घालून देत होते गं, मला लाज वाटू नये म्हणून. मी फार नशिबाची आहे. हे त्यांच्या तोंडावर म्हणायचं धाडस नाही, म्हणून तुला लिहिते.

तर तू ये. सुट्टी मिळेल तेव्हा ये आणि मला सोलापूरला ने. डॉक्टर काय विचारतील ते विचारू देत, जे निघेल ते निघेल. कदाचित नुसतं पडून राहिल्याचंच असेल. बापू बरोबर येतील, त्यांची सोय कर, रात्री त्यांना दार उघडं लागतं. येळवशीचं मला कळलंय, हे त्यांना कधीही सांगू नकोस. तेवढं त्यांचं त्यांच्याजवळ राहू दे.

वर तारीख आणि वार घातलाय ना, तो मी त्यांना विचारून घातला. आज सकाळी चहा आणला तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मी म्हटलं, "आवं, आज वार काय हाय?" असं उघड कधी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "सोमवार असून..." आणि थांबले. कपबशी खाली ठेवली, माझ्याजवळ खाटेवर बसले आणि नुसतं म्हणाले, "सोमवार."

उद्याही विचारणार आहे.

तुझी आई,
बब्रुवानाची धुरपदा