बेचाळीस कॉम्प्युटर, एक वेळ

सोमवार, ३ तारीख. सकाळी १०.२०
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसातला प्रत्येक कॉम्प्युटर वेगळी वेळ दाखवतो म्हणाले. शुक्रवारी दुपारी तीनच्या आत टेंडर पोर्टलवर चढलं पाहिजे. हुकलं तर शाखा बंद, बेचाळीस माणसं घरी. वेळेचं तुम्ही बघा म्हणाले. निर्धास्त राहा, म्हटलं.
माझा संकल्प: सगळे कॉम्प्युटर मेन सर्व्हरकडून वेळ घेतील. सर्व्हरने ती बाहेरून, इंटरनेटवरून घ्यायची, पण त्यासाठी हेड ऑफिसची परवानगी हवी. फॉर्म चार पानी.

दुपारी ४.००
फॉर्म राहू दे. सर्व्हरला माझ्या मनगटावरची वेळ दिली. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ. अकरा वर्षांत एकदाही दुरुस्तीला गेलेलं नाही.

मंगळवार, ४
बेचाळीसच्या बेचाळीस एका वेळेवर. डोळ्यांचं पारणं फिटलं.
दुपारी टेंडरचं काम बघणाऱ्या बाईंचा कॉम्प्युटर अडला. त्यांनी मोबाईल पाहून सात मिनिटं पुढे केला होता. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की सर्व्हर लॉगिन देत नाही. चांगली अद्दल घडली. मोबाईल बरोबर असतो हो, म्हणाल्या. हसून सोडून दिलं.
रिसेप्शनचं भिंतीवरचं घड्याळही सात मिनिटं पुढे. उतरवून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं. लोकांचा गोंधळ नको.

बुधवार, ५
८.४० ची बस आजही गेली. ड्रायव्हर हल्ली फार लवकर सोडतात. हेड ऑफिसनेही व्हिडिओ मीटिंग आमच्याविना सुरू केली. कुणाला शिस्त म्हणून नाही.
ही म्हणाली, घड्याळ एकदा दाखवून आण. वडिलांनी दिलेल्या वस्तूवर स्वतःच शंका!

गुरुवार, ६
साहेब तीनदा येऊन वेळेचं विचारून गेले. जेवण गेलं नाही. घड्याळ मात्र शांतपणे चाललंय.

शुक्रवार, ७. दुपारी २.३५
फाईल तयार. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे.

२.४८
बाई कानाशी येऊन म्हणाल्या, पोर्टलच्या कोपऱ्यात २.५५ दिसतंय. पोर्टलचं घड्याळ पुढे असणार. साहेबांना सांगू नका म्हटलं, उगाच घाबरतील.

२.५०
साहेब म्हणाले, टाकून द्या. म्हटलं, दहा मिनिटं हातात आहेत, पानं पुन्हा एकदा तपासू. घाई माझ्या स्वभावात नाही.

२.५४
बटण दाबलं. मुदत संपली, असं आलं.

२.५५
पुन्हा दाबलं.

३.००
बेचाळीस स्क्रीनवर एकदम तीन वाजले. साहेब माझ्या मनगटाकडे बघत होते.

शनिवार, ८
महिनाअखेर शाखा बंद. बाई टेबल आवरत होत्या. फार वाईट वाटलं.
ड्रॉवर उघडला. भिंतीवरचं घड्याळ आत चालूच होतं. पुन्हा खिळ्यावर टांगलं.
साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. लिहिलं: सर्व कॉम्प्युटर शेवटपर्यंत एकमेकांशी तंतोतंत जुळलेले होते.
सही केली. खाली तारीख आणि वेळ. वेळ बाईंना विचारून घातली.