डाव्या पंखावरची काजळी

४ फेब्रुवारी, बुधवार

पंख बसले! दोन्ही एका पातळीत! श्वास रोखून मॉडेल धरलं होतं, तेवढ्यात दारातून सासरे म्हणाले, "जावईबापू, हे उडणार का हो?" खऱ्याच्या बहात्तर पट लहान, प्लॅस्टिकचं, तळहातावर मावणारं लढाऊ विमान — उडणार का! म्हटलं, "नाही बाबा. क्लबच्या स्पर्धेत बसणार." तर म्हणतात, "बसायचंच होतं तर विमान कशाला केलंत?" आणि मिशीला पीळ देत गेले.

मिशी हा त्यांचा एकमेव उद्योग. डोक्याचे केस पांढरेशुभ्र, मिशी मात्र काळी कुळकुळीत. रोज सकाळी आरशापुढे बसून बारक्या ब्रशनं रंगवतात, रात्री साबणानं धुतली की रंग उतरतो. बायकोला कौतुक. मला नाही. कारण तो आरसा ज्या खोलीत आहे, ती घरातली उत्तरेच्या खिडकीची एकुलती एक खोली. दिवसभर मऊ, सारखा उजेड. मॉडेल करणाऱ्याला याहून काय हवं? तिथे मिशी रंगते, आणि मी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पिवळ्या दिव्याखाली डोळे फोडतो.

७ फेब्रुवारी, शनिवार

मेहुण्याला फोन केला. म्हटलं, बाबांना हवापालट हवाय, थोडे दिवस तुझ्याकडे ने. म्हणाला, "भावोजी, आमच्याकडेही हीच हवा आहे की." वडील दोघांचे, खोली फक्त माझी जाते! "बघतो" म्हणाला. म्हणजे बघणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे करायला पातळ वर्ख हवा होता. सासऱ्यांनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढे केलं. मागची चंदेरी पट्टी अगदी हवी तशी निघाली! कातरली, रंगवली, चिमट्यानं बसवली. वरची काच उघडीच ठेवणार आहे. पट्टे दिसले पाहिजेत, नाहीतर मेहनत पाण्यात.

"म्हणजे वैमानिक माझ्या गोळीच्या भरवशावर!" सासरे खूश. "बसवल्यावर दाखवा हं." म्हटलं, दाखवतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

वेदरिंग सुरू. म्हणजे विमान लढाईतून आल्यासारखं जुनं दिसायला हवं. रंगाचे टवके, तेलाचे ओघळ, धुराच्या नळ्यांमागे पंखापर्यंत काजळी. बायको त्याला 'मळवणं' म्हणते. "नवी वस्तू आणायची आणि मळवायची! तुमच्या शर्टांच्या कॉलरचंही वेदरिंगच म्हणायचं का?" अडाण्याच्या नादी लागू नये.

आज नोकरीतही मजा. मी वाहन विम्याचा सर्व्हेअर. कुठला ओरखडा खरा आणि कुठला घरी बसून कोरलेला, हे ओळखायचा पगार मिळतो. एकजण दाराचा पोचा दाखवत म्हणाला, "साहेब, परवाच धडक बसली." पोच्यात गंज! म्हटलं, परवाचा गंज भलताच कष्टाळू दिसतो. नामंजूर! माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

घरी येऊन रुपेरी पेन्सिलीनं पंखावर खोटे टवके काढत बसलो. यात विसंगती काही नाही. ती नोकरी, ही कला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

"जावईबापू, माझा पट्टा दाखवताय ना?" तिसऱ्यांदा. हात काळे, पट्टी लावून काजळीची रेघ ओढत होतो. म्हटलं, "या दिव्यात दिसणार नाही बाबा. उजेडात दाखवीन."

"उजेड माझ्या खोलीत आहे की! चला."

हे मला टोमणे मारतात! माझ्याच घरात! मॉडेलला हात लावायचा नाही, एवढं सगळ्यांना पुन्हा एकदा बजावलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसातून आलो तर गोंदाच्या बाटलीचं झाकण उघडं! बायकोला विचारलं. "मला तुमच्या गोंदात शिरायची हौस नाही." मग काय, भुतानं उघडलं? सासऱ्यांना विचारणार होतो, पण ते लवकर जेवून झोपले होते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सासऱ्यांची बोटं काळी दिसली. म्हटलं, "हे काय?" म्हणाले, "मिशी रंगवत होतो." आणि मिशी? पांढरी! मुळापासून टोकापर्यंत पांढरी!

अशी संधी सोडतो होय? लगेच मेहुण्याला फोन. "बाबा विसरायला लागलेत रे. मिशी रंगवली म्हणतात आणि मिशी पांढरी. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. उद्या गॅस चालू ठेवला म्हणजे?" घाबरला. एक तारखेला न्यायला येतो म्हणाला. जमलं!

मागे वळलो तर सासरे दारात उभे. हाक मारली तर तसेच आपल्या खोलीत निघून गेले. ऐकूही कमी येत असणार. हेही मेहुण्याला सांगायला हवं होतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

अपूर्व! विमान हातात घेतलं आणि बघतच राहिलो. डाव्या बाजूची काजळी — नळ्यांपासून पंखाच्या मुळावर पसरलेली, कुठे दाट, कुठे विरळ, मध्येच थरथरलेली. कधी केली मी? आठवत नाही. हात बसला की असं होतं म्हणतात, माणूस तंद्रीत करून जातो. तिच्यापुढे उजवीकडची काजळी शाळेतल्या वहीच्या समासासारखी दिसते. डावीला आता बोटही लावणार नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

पहिला नंबर!

परीक्षक क्लबचे अध्यक्ष, पेशानं दातांचे डॉक्टर. तोंडात घालायचा बारका आरसा घेऊन प्रत्येक विमानाचं पोट तपासत होते. त्यांच्या मागे आमचे खिळेमोजे — सगळ्यांच्या विमानांवरचे खिळे मोजून चुका काढतात, स्वतःचं विमान आजवर पुरं केलेलं नाही. माझ्यापाशी डॉक्टर थांबले. "काय काजळी आहे हो! उजवीकडची काढलेली वाटते. डावीकडची पडलेली आहे, पडलेली! कसं केलंत?"

म्हटलं, "सवय." टाळ्या. खिळेमोज्यांनी नाक मुरडलं, त्यानं तर जिवाला फारच थंडावा मिळाला.

घरी कप टेबलावर ठेवला. सासऱ्यांनी कपाकडे बघितलंच नाही, विमानाकडे बघत राहिले. "पहिला नंबर? असाच?"

"असाच म्हणजे?"

"नाही, छान झालं. फार छान झालं." डोळ्यांत पाणी. वयानं येतं. मग म्हणाले, "एक सांगायचं होतं, जावईबापू."

"सांगा की."

"राहू दे. कप मोठा आहे."

कप मोठा आहे! यात सांगण्यासारखं काय? एकूण मेहुण्याला मी खोटं सांगितलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मिशी अजून पांढरीच. घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. चांगलं आहे, कामं होतात.

१ मार्च, रविवार

सासरे गेले. एकच बॅग. मेहुणा त्यांच्याशी मोठ्यानं, सावकाश बोलत होता, लहान मुलाशी बोलतात तसा. ते निमूट मान हलवत होते. बूट घालताना मला म्हणाले, "आरसा ठेवून जातोय. खिडकीसमोर लावा, उजेड दुप्पट होईल तुम्हाला."

गाडी वळल्यावर बायको म्हणाली, "मिळाली ना खोली?" आणि आत गेली. वास्तविक मी कुणासाठी करतो हे सगळं? म्हणजे स्वतःसाठीच, पण तरी.

२ मार्च, सोमवार

संध्याकाळी टेबल हलवलं. रंग, ब्रश, कप, सगळं लावलं. अंधार पडला होता, त्यामुळे बघता काही आलं नाही. उद्या सकाळी!

३ मार्च, मंगळवार

ऑफिसला गेलो नाही. सकाळी विमान खिडकीत धरलं आणि गार पडलो.

डावी काजळी काळी नाहीच. जांभळट आहे. माझ्या एकाही डबीत हा रंग नाही. आरशामागे मिशीच्या रंगाची बाटली सापडली. रिकामी. तो रंग तोच. काजळीखाली सांधा — पंख मुळातून तुटून पुन्हा जोडलेला. गोंदानं मऊ पडलेल्या प्लॅस्टिकवर अंगठ्याचा ठसा उठलाय. माझ्या अंगठ्याहून मोठा. आणि उघड्या काचेतून गोळीच्या पाकिटाचा पट्टा इतका लख्ख दिसतोय! तोच बघायला आणलं असणार त्यांनी इथे. मी दाखवला नाही म्हणून.

ते काहीच विसरलेले नाहीत. दारात उभं राहून माझं सगळं ऐकलं आणि विसराळू ठरून गेले, पण विमान मोडलं हे माझ्यासमोर म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. इतका मी भयंकर आहे घरात? लाज वाटते. फार लाज वाटते.

बायकोला ठसा दाखवला. तिनं त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. मग म्हणाली, "गाडीची किल्ली खिळ्याला आहे."

आणायला निघालोय. विमान बरोबर घेतलंय, पट्टा दाखवायचा राहिलाय. वाटेत मिशीचा रंग घ्यायचा.