चाकं लावलेलं घर

१० फेब्रुवारी
आज डोंगरकड्याजवळ हिरासिंगच्या हळदीच्या मळ्यावर कामाला आले. वारंगा फाट्यावर धाब्याच्या धुरात भाकऱ्या थापण्यापेक्षा बेस. खाली तळं, वर केळीची बाग. शहरातली माणसं घराला चाकं लावून इथं एक रात्र झोपायला येतात. घरी पलंग असून. त्यांचं रांधायचं, चादरी धुवायच्या. मला राहायला पण अशीच जुनी घरगाडी दिली. कोणी तरी सोडून गेलेली, इंजिन काढलेलं, चाकं मातीत रुतलेली. महिनाअखेरीला माझ्या दीक्षाचं बाळंतपण, तेव्हा हिंगोलीला जाईन. तीच म्हणाली, आई, लिहायची सवय मोडू नको. म्हणून लिहून राहिले.

१३ फेब्रुवारी
नागपूरचा एक रिकामटेकडा साहेब आला, एकटाच. हळद शिजायची कढई पाहून असा नाचला, जसं काय सोनं शिजून राहिलं. हिरासिंग पाव्हण्यांच्या गालाला, हाताला ओली हळद फासतो. फोटोची हौस. हळद लागलेलं माणूस शिवाराबाहेर एकटं जात न्हाई, हे शेंबडं पोरगं पण सांगल. मी बोलले तर हिरासिंग म्हणला, “मावशी, हा काय नवरदेव हाय का?”

१४ फेब्रुवारी
साहेब सकाळी गेला. गाडीत शेजारच्या सीटवर बाई बसलेली दिसली. वाटलं, हिरासिंगची पारुबाई फाट्यावर चालली. मागं वळले तर पारुबाई भट्टीत लाकडं सारून राहिली.
त्याच्या चादरीवर हळदीचे डाग. दोन अंगांचे.

१८ फेब्रुवारी
पारुबाईला खोदून विचारलं. माझ्या घरगाडीचा मालक पण असाच हळदीच्या अंगानं एकटा, पायी निघाला होता म्हणे. बांध ओलांडला तेव्हा संगं कोणी तरी चाललेलं. गाडी न्यायला परत आलाच न्हाई. मी हसले. रीत खरी, पण असं कोणी संगं चालतं का? ह्या नवराबायकोला शहाणपण कमीच.

२० फेब्रुवारी
औरंगाबादकडच्या बाया आल्या. व्हिडिओसाठी मला ओढलं. पारुबाई कानात म्हणली, विधवेला नको. म्या म्हणलं, काहून नको? लाव, गळ्यापर्यंत लाव.

२१ फेब्रुवारी
निघत न्हाई. राख, लिंबू, रॉकेल, सगळं झालं. पिवळी ती पिवळीच.

२२ फेब्रुवारी
जावयाचा फोन. दीक्षाला कळा सुरू झाल्या, लवकर या. हिरासिंग बाजारात गेलेला. पारुबाईला म्हणलं, संगं चल. ती माझ्याकडं न्हाई, माझ्या मागं पाहून राहिली. मग पळाली.

संध्याकाळ
बिछान्याची भिंतीकडली बाजू दबलेली. मी तिकडं झोपतच न्हाई. चादर पिवळी—

२३ फेब्रुवारी
जावयाचा फोन, पोरगी झाली. आई कुठं हाय, दीक्षा विचारते म्हणे.
न्हाई जाणार. हे त्या लेकराच्या पाळण्याजवळ न्यायचं? रंग उतरेस्तोवर बांध ओलांडत न्हाई. बिछान्याच्या दबलेल्या बाजूला शिवी घालून सांगितलं, मोठ्यानं. बस इथंच माझ्यासंगं, म्हणलं. मी पण हलत न्हाई.
दार आतून लावलं.

दुपार
हादरा बसला. कोणी ढकलून राहिलं का—
बाहेर कोणी न्हाई.
चाकं. रुतलेली चाकं—
केळीची बाग मागं गेली. दार उघडत न्हाई. बांध आला— गेला—
हिंगोलीच्या रस्त्याला लागली. दीक्षा, दार लाव, पोरीला घेऊन आत जा, मी आले तरी उघडू नको, मी एकटी न्हाई, माझ्या हातावर तिचा हा—