बुढ्याले घरी आनाचं डिझाइन

२ नोव्हेंबर, सकाळ
सून चंचलनं मोबाइल माह्या तोंडासमोर धरून देला. म्हने, आई, तुमी बोला, ते आपोआप लिवते. मी जल्मात अक्षर शिकली नाई. आता अक्षरच माह्यापासून शिकून राह्यलं. हे कोनी वाचाचं नाई. मी बी वाचनार नाई, मले येतेच कुठी.
आमच्या बचत गटाले शिकवाले नागपूरचे अश्वजित सर आले. आठ दिवस डिझाइन थिंकिंग. पुस्तक नाई, हातानं करून शिकाचं, आन् रोज काय शिकलो ते लिवून ठेवाचं. एक मानूस धराचा, त्याची अडचन पाह्याची, सोडवाची. त्या मानसाले युजर म्हनतात.
माहा युजर म्हनजे आमचा बुढा. धान पिकाले आलं तवापासून वावरात मचानीवर झोपते. कारन काय, त डुकरं. तिकडं नाल्यापाशी वाघीन दोन पिल्लं घेऊन फिरून राह्यली. जंगलाचा गार्ड दोनदा सांगून गेला. बुढा हो म्हनते आन् चादर घेऊन निंगते.
संकल्प: नऊ तारखेपर्यंत बुढा घरच्या खाटेवर. मोबाइलबापू, नीट लिवून ठेव.

२ नोव्हेंबर, दुपार
पह्यलीच अडचन. सर म्हने, कागदावर युजरचं नाव पाह्यजे. मी म्हनलं, बुढा. सर म्हने, आजी, हे नाव नाई झालं. मी म्हनलं, नवऱ्याचं नाव घेतलं त त्याचं आयुष्य कमी होते, आन् वाघीन फिरत असताना त अजिबातच नाई. अन्नपूर्णा म्हनजे आमच्या गटाची अध्यक्ष, तिले सारं आधी सांगाची घाई. तिनं तोंड उघडलं, मी त्यावर हात ठेवला.
शेवटी सर म्हने, मनाचं नाव देऊ, असंच करतात, त्याले पर्सोना म्हनतात. त्यायनं लिवलं: अशोकराव, वय सत्तर.
मले पटलं. आमच्या गोतात कोनी अशोकराव नाई. काई झालंच त त्याले होईल.

३ नोव्हेंबर
आज एम्पथी. म्हनजे युजरचं ऐकून घेनं. हे मले शिकवाची गरज नाई, पन्नास वर्सं तेच करून राह्यली.
डबा घेऊन मचानीखाली गेली. म्हनलं, जी, तुमची अडचन सांगा. कसं सांगाचं ते त्याले समजावं म्हनून आधी मीच सांगून दाखवली. त्याची कंबर, त्याचा गुडघा, थंडी, वाघीन, त्याच्या भावाचं, देवाजीचं, आमच्या लग्नात वागनं. एकदा त्यानं तोंड उघडलं. मी म्हनलं, मधात बोलू नका, माहं विसरते.
मुलाखत दोन तास चालली. शेवटी बुढा म्हने, जेवू दे.
लय मोकळेपनानं बोलला.

४ नोव्हेंबर
युजर काय म्हनला ते चिकट कागदांवर लिवून भितीले लावाचं होतं. माह्याकडं एकच कागद निंगाला: जेवू दे. भीत रिकामी दिसे, म्हनून बायांनी अशोकरावचं आपल्या मनानं भरलं. अन्नपूर्णा म्हने, अशोकराव चहात साखर कमी घेते. एक म्हने, त्याले चष्मा असन. ब्रह्मपुरीहून शिलाई शिकवाले येते ते खातून म्हने, बिचाऱ्याची बायको लवकर गेली असन, म्हनूनच गप असते. दोघीतिघींनी डोळे पुसले.
मी म्हनलं, अवो, बायको मी आहो! खातून म्हने, आपा, तुमी मनावर नोका घेऊ, ही पर्सोना हाय.
घरी येऊन थर्मासात कमी साखरेचा चहा भरून पाठवला. बुढ्यानं तसाच वापस पाठवला. अशोकरावनं गुमान पेला असता.

५ नोव्हेंबर
आज आयडिया काढाच्या. सर म्हने, कोनतीच आयडिया वाईट नसते. हे त्यायनं बोलाले नव्हतं पाह्यजे.
अन्नपूर्णा म्हने, मचानीले चाकं लावा, वाघीन आली की ढकलत गावात आना. एक म्हने, डुकरांले शेजारच्या गावचं धान दाखवून आना. मी म्हनलं, वाघिनीलेच रातच्या जागलीले ठेवा, डुकरं ते खाते, पगार मांगत नाई. सर बाहेर जाऊन पानी पेऊन आले.
शेवटी माहीच दुसरी आयडिया ठरली. मचानीवर नकली मानूस बसवाचा आन् असली घरी आनाचा. अन्नपूर्णा म्हने, हे त बुजगावनं झालं. मी म्हनलं, बुजगावनं उभं राह्यते, हा बसला हाय. अभ्यासच नाई बाईचा.

६ नोव्हेंबर
प्रोटोटाइप, म्हनजे नमुना. सर म्हने, कच्चा करा, लवकर करा, जीव नोका लावू. कोन ऐकते? बांबूचा सांगाडा, धानाच्या तनसाचं पोट, मडक्याचं डोस्कं. खातूननं पँट शिवली, खिशे सुद्धा. अन्नपूर्णानं मिशा काढल्या, त्या एका बाजूनं जास्त झाल्या, मंग दुसऱ्या बाजूनं वाढवल्या. भितीवरच्या कागदावर चष्मा होता, म्हनून सरले आपला जुना द्यावा लागला. आमी जेवाले बसलो तवा कोनीतरी त्याच्यापुढं बी पत्रावळ मांडली.
या साऱ्यात घरचा स्वयंपाक राह्यला. बुढ्याच्या डब्यात कालचा भात गेला. चंचल म्हने, आई, तुमचा युजर उपाशी हाय. मी म्हनलं, तुले प्रोसेस समजत नाई.

७ नोव्हेंबर
टेस्ट. अशोकरावले बैलबंडीत बसवून वावरात नेला. रस्त्यात दोघांनी विचारलं, पाव्हने कुठचे? मी म्हनलं, अशोकराव. दोघांनीही रामराम केला. एकानं तब्येत विचारली.
बुढ्याले म्हनलं, हे पाहा, हे तुमीच हा. आता तुमी घरी चला. बुढ्यानं त्याले वरून खालून पाह्यलं. मंग म्हने, राहू दे त्याले.
जिंकली मी! घरी येऊन खाट झटकली, नवी गोधडी टाकली, आंघोळीचं पानी तापवलं. पानी थंड झालं. बुढा आला नाई.
हरकत नाई. नव्या मानसाले काम समजावून द्याले एक दिवस लागतेच.

८ नोव्हेंबर
डुकरं आली नाई! एक लोंबी मोडली नाई. म्हनजे अडचन सुटली. बुढा बी आला नाई, पन आता ते अडचन नाई, ते सवय हाय. सवय आपोआप जाते.
दुपारी भात देऊन आली. निंगताना बुढा म्हने, उद्यापासून डबा दोघांचा आनत जा.
दोघांचा! पन्नास वर्सांत या मानसानं मले कधी संगं जेव म्हनलं नाई. मी पदर तोंडाले लावला आन् बांधावरून पाय घसरता घसरता वाचली. डिझाइन थिंकिंगनं मानूस बदलते, हे सरले सांगाच लागन.

९ नोव्हेंबर
हिरवं लुगडं नेसली. दोघांचा डबा भरला, वर वांग्याची भाजी. सर बी संगं आले, युजरचा फीडबॅक घ्याले.
सरनं बुढ्याले नाव घेऊन हाक मारली. मी इथी ते बोलत नाई. मंग मले म्हने, आजी, दोन मिनिटं तुमी काईच बोलाचं नाई. मोबाइलात घड्याळ लावलं. बाळंतपन सोपं होतं.
बुढा पह्यले अशोकरावची मिशी नीट करून आला. मंग म्हने, गडी लय चांगला हाय सर. सांगतलं ते ऐकते. मधात बोलत नाई. परवापासून माह्या लहानपनाच्या साऱ्या गोष्टी झाल्या त्याच्यासंगं. सर म्हने, मंग डुकरं? बुढा म्हने, डुकरं त दिवाळीच्या आधीच डोंगराकडं गेली. सर म्हने, बाबा, मंग तुमी इथी काऊन झोपता?
बुढ्यानं माह्याकडं पाह्यलं. मंग घड्याळाकडं पाह्यलं. म्हने, किती वेळ उरला?
सर म्हने, दहा सेकंद.
बुढा म्हने, मंग राहू द्या.
तेवढ्यात घड्याळ वाजलं. बुढ्यानं डबा उघडला, एक ताट आपल्यापुढं मांडलं, एक अशोकरावपुढं. मी बांधावर उभी राह्यली. वाघीन आलीच त दोघांले पाहून फिरून जाईल, एवढंच मनात धरलं आन् घरी आली.
चंचल दारातच सासऱ्याची वाट पाहून राह्यली. म्हने, मामाजी नाई आले?
म्हनलं, नाई आले. काम सुरू केलं तवा मचानीवर एक मानूस होता. आता दोन हायेत.